इंजिन नवं बांधलं, पण स्लोला ठरत नाही : दोष कसा शोधाल?



आज मी बी-बियाणं, खतं किंवा फवारणी यांविषयी बोलणार नाही. आजचा विषय आहे ट्रॅक्टरच्या इंजिनाचा. लायनर, पिस्टन, रिंगा नव्या घातल्या, वॉल्व्ह घासून बसवले, बेअरिंगं बदलली, भरपूर पैसा गेला. ट्रॅक्टर घरी आला. रेस दिली की झकास चालतो. पण रेस कमी केली की इंजिन धडधडतं, सगळं धूड हादरतं आणि दोन-चार ठोके चुकवून गप्प होतं. अशा वेळी काय करायचं, ते आज पाहू.

बहुतेक ठिकाणी यावर दोन उपाय होतात. कोणी स्लोचा स्क्रू फिरवून रेस वाढवून ठेवतो, म्हणजे बंद पडायचं थांबतं. कोणी म्हणतो, "इंजिन पुन्हा खोला." पहिला उपाय दोष झाकतो. दुसरा बहुतेक वेळा गरजेचा नसतो. आपल्याकडे म्हण आहेच, काखेत कळसा आणि गावाला वळसा. या दुखण्याचं मूळ पुष्कळदा इंजिनाच्या बाहेरच असतं.

माझ्या गटातल्या एका गावी घडलेली हकिगत सांगतो. रब्बी ज्वारीची पेरणी तोंडावर होती. कोरडवाहू रब्बी ज्वारी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पेरायची, हे आपण जाणताच. पाऊस उघडला होता, वाफसा आला होता. तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर तालुक्याच्या गावाहून इंजिन बांधून आदल्या दिवशीच आला होता. स्लोला ठेवला की बंद पडायचा. शेतकऱ्यानं मला विचारलं, "साहेब, काय करू?" मी घाईत होतो. मी सांगितलं, "नवं इंजिन आहे, जरा जड असणार. थोडी रेस वाढवून ठेवा, चार दिवसांत मोकळं होईल." हा सल्ला चुकीचा होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी ऑईलची डीप-पट्टी काढली, तर ऑईल वाढलेलं! बोटावर घेऊन वास घेतला, तर डिझेलचा वास. दोष काय निघाला ते पुढे सांगतो. आधी हे असं का होतं, ते समजून घेऊ.

स्लोलाच दोष का दिसतो?

डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसतो. जर्मनीत रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली हे इंजिन यशस्वी चालवून दाखवलं, तेव्हापासून तत्त्व एकच आहे. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारायचा. तो आपोआप पेट घेतो. म्हणजे डिझेल इंजिनाला चार गोष्टी लागतात : स्वच्छ हवा, पुरेसा दाब, चांगला फवारा आणि त्या फवाऱ्याची नेमकी वेळ.

स्लोला इंजिन सावकाश फिरतं. दाबलेल्या हवेला गळून जायला जास्त वेळ मिळतो, ती कमी तापते. डिझेलही अगदी थोडं जातं, त्यामुळे फवाऱ्यातला बारीक दोषसुद्धा जाणवतो. एखादा ठोका चुकला तर पुढं ढकलायला फ्लायव्हीलमध्ये जोर कमी असतो. रेस वाढवली की हे सगळं झाकलं जातं. म्हणून मी म्हणतो, स्लो ही इंजिनाची नाडी आहे. वैद्य नाडी पाहतो, ती दाबून टाकत नाही.

न जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑईल धुऊन काढतं आणि रिंगांवाटे खाली चेंबरमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं. त्या ऑईलवर नवे लायनर, रिंगा आणि बेअरिंगं घासली जातात. रेस वाढवून असंच चालवलं, तर नव्या बांधणीचं सगळं काम वाया जाऊ शकतं. म्हणून ऑईलची पातळी वाढलेली दिसली, तर ट्रॅक्टर लगेच उभा करा. दोष निघाल्यावर ऑईल आणि ऑईल फिल्टर बदलूनच पुढं चालवा.

हात लावण्यापूर्वी

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, पी.टी.ओ. बंद असू द्या. धोतराचा सोगा, उपरणं, पदर पंख्याच्या पट्ट्यापासून दूर ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालवू नका, धूर घातक असतो. नोझलचा फवारा बोटावर घेऊन कधीही पाहू नका. तो कातडीतून आत शिरतो. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण आतून हात सडतो. असं झालंच तर दुखत नसलं तरी ताबडतोब दवाखाना गाठा आणि "दाबाचं डिझेल हातात शिरलं आहे" असं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

आणखी एक. इंजिन सुरू होईना म्हणून हवेच्या तोंडाशी पेटता बोळा किंवा पेट्रोल धरायची सवय काही ठिकाणी आहे. ती सोडा. अवेळी भडका होऊन नव्या रिंगा आणि पिस्टन तुटू शकतात.

आधी ऐका, मग पाना उचला

इंजिन कसं बिघडतं, यावरून दोष कुठं शोधायचा ते कळतं.

ठराविक अंतरानं एकच ठोका चुकत असेल, तर एका सिलिंडरचा दोष.

रेस आपोआप लयीत वर-खाली होत असेल, तर डिझेलमध्ये हवा किंवा गव्हर्नरचा दांडा अडकणं.

दहा-पंधरा मिनिटं छान चालून हळूहळू बंद पडत असेल आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू होत असेल, तर डिझेलचा पुरवठा अपुरा.

सगळेच ठोके कठीण पडत असतील, किंवा सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल, तर टायमिंगचा संशय.

धुराकडेही पाहा. डिझेलच्या वासाचा पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. नव्या रिंगा बसेपर्यंत पहिले काही तास थोडा निळा धूर चालतो, पण तो दिवसेंदिवस कमी झाला पाहिजे.

पायरी १ : बिनखर्चाची पाहणी

इंजिन बांधताना सगळे दांडे, तारा आणि पाईप सोडून पुन्हा जोडलेले असतात. म्हणून सुरुवात तिथून करा. इंजिन बंद करायची स्टॉपची तार पूर्ण मागं जाते का? ती अर्धवट ओढलेली राहिली, तर पंप डिझेल तोडतो आणि स्लोला इंजिन मरतं. रेसचा दांडा स्लोच्या स्क्रूपर्यंत मोकळा येतो का? टाकीचा कॉक पूर्ण उघडा आहे का? रिटर्नचा पाईप कुठं दबला आहे का? एअर क्लीनर ऑईलचा असेल तर ऑईल खुणेपर्यंतच आहे ना? आत चिंधी किंवा कागद राहिला नाही ना? काम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून तोंडात चिंधी कोंबतात आणि ती तशीच विसरतात.

टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी होते आणि डिझेल येईनासं होतं. इंजिन बंद पडल्याबरोबर झाकण उघडा. "फुस्स" असा आवाज आला, तर दोष सापडला.

पायरी २ : हवा काढणं

बांधणीनंतर हे दुखणं सर्वांत जास्त आढळतं. टाकी निम्म्याच्या वर भरा. पहिल्या फिल्टरचा हवेचा स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा हातदांडा मारत राहा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू घट्ट करा. मग दुसरा फिल्टर, मग पंपावरचा स्क्रू, याच क्रमानं. हातदांडा ढिला लागत असेल, तर इंजिन एक फेरा फिरवून पुन्हा मारा. शेवटी नोझलच्या पाईपांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा. डिझेल दिसलं की नट आवळा.

हवा काढूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं, तर हवा कुठून तरी आत येतेय. टाकी ते फीड पंप या भागात डिझेल ओढलं जातं. म्हणून तिथं बाहेर थेंबही न पडता हवा आत शिरू शकते. तांब्याचे जुने वॉशर, फिल्टरचे रबर, चिरलेला पाईप, हे बघा. वॉशर दोन-चार रुपयांना मिळतो, पण शेकडो रुपयांचं डिझेल आणि दिवस खातो.

पायरी ३ : डब्याची चाचणी

एक स्वच्छ डबा घ्या. त्यात गाळलेलं डिझेल भरा. डबा पंपापेक्षा उंच टांगा आणि पारदर्शक नळीनं थेट फीड पंपाला जोडा. इंजिन सुरळीत चाललं, तर दोष टाकी, कॉक, झाकण किंवा त्या पाईपात आहे. पुढचं इंजिन निर्दोष आहे. इंजिन तसंच अडखळलं, तर टाकीचा संशय सोडा आणि पुढं जा. फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढायला विसरू नका. बांधणी होईपर्यंत ट्रॅक्टर महिनाभर उभा असेल, तर टाकीत पाणी साचलेलं असू शकतं.

पायरी ४ : मुका सिलिंडर ओळखणं

थंड इंजिन सुरू करा. मिनिटाभरानं धुराच्या मॅनिफोल्डवर, प्रत्येक सिलिंडरच्या तोंडाशी पाण्याचा एकेक थेंब टाका. जिथं थेंब चर्र करत नाही, तो सिलिंडर नीट जळत नाही. ही चाचणी घरी करता येते.

दुसरी चाचणी मिस्त्रीच्या हातून करून घ्या. इंजिन स्लोला ठेवून एका वेळी एकाच नोझलच्या पाईपाचा नट जाड फडकं धरून थोडा सैल करायचा, चेहरा लांब ठेवायचा. आवाज बदलला, इंजिन आणखी मंदावलं, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तोच मुका.

सावधान! कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनावर हा नट चालू इंजिनात कधीही सैल करू नका. त्यात दाब एक हजार किलोच्याही वर जातो आणि जीवाला धोका असतो. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे ट्रेम-४ नियम लागू झाले. अशा ट्रॅक्टरांत ही पद्धत असू शकते. त्यांचा दोष कंपनीच्या प्रशिक्षित मिस्त्रीनं यंत्र लावूनच शोधावा.

पायरी ५ : नोझलची अदलाबदल

मुक्या सिलिंडरचा नोझल चांगल्या सिलिंडरला बसवा आणि चांगला इकडे आणा. दोष नोझलबरोबर गेला, तर नोझल खराब. तो पंपाच्या दुकानात टेस्टरवर तपासा. फवारा धुक्यासारखा बारीक हवा, थेंब गळता कामा नये आणि दाब पुस्तकात दिला आहे तेवढाच हवा. दोष त्याच सिलिंडरला राहिला, तर नोझलवर खर्च करू नका, पुढं जा.

आता मघाची हकिगत पुरी करतो. त्या ट्रॅक्टरचा तिसरा सिलिंडर मुका निघाला. बांधून देणारा मिस्त्री इंजिन खोलायला निघाला होता. आम्ही त्याला थांबवलं आणि म्हटलं, आधी अदलाबदल करू. नोझल काढला आणि बॅटरीच्या उजेडात भोकात पाहिलं. तळाशी एक काळपट वॉशर चिकटलेला होता, आणि नोझलबरोबर दुसरा नवा वॉशर निघाला होता! जुना काढायचा राहिला आणि त्याच्यावर नवा बसवला गेला. नोझल वॉशरच्या जाडीएवढा वर उचलला गेला. फवारा जिथं पडायचा तिथं पडेना, आणि शेजारून दाबही गळत होता. जुना वॉशर काढला, बैठक साफ केली, एकच नवा वॉशर घालून दोन्ही नट सारखे आवळले. ऑईल बदललं. इंजिन घड्याळासारखं स्लोला ठरलं.

पण तोवर पाच दिवस गेले होते. निम्मं रान त्यांनी शेजाऱ्याच्या बैलांच्या तिफणीनं पेरून घेतलं. उरलेल्या रानाची वरची ओल उडाली आणि तिथं ज्वारी विरळ उगवली. पहिल्याच दिवशी मी रेस वाढवायला न सांगता ही तपासणी करायला सांगितली असती, तर ते रानही वाफशावर पेरलं गेलं असतं. ही माझी चूक मी आपल्यापुढं ठेवतो, ती अशासाठी की ती आपल्याकडून होऊ नये.

पायरी ६ : टॅपेट

हेड बसवल्यावर गॅस्केट दबतं. काही तास चालल्यावर हेडचे नट पुस्तकात सांगितलं असेल तर त्या मापानं टॉर्क पान्यानं पुन्हा आवळायचे असतात. त्यामुळे टॅपेटची फट कमी होते. म्हणून हेड आवळल्यावर टॅपेट पुन्हा लावलेच पाहिजेत. फट फार कमी असेल तर वॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब गळतो आणि स्लोला ठोका चुकतो. पुष्कळ ट्रॅक्टरांत ही फट ०.२५ ते ०.४५ मिलिमीटर, म्हणजे १० ते १८ थाऊ असते. आपल्या ट्रॅक्टरचं माप आणि ते थंड इंजिनावर घ्यायचं की गरम, हे पुस्तकात पाहा. अंदाजानं लावू नका, फिलर गेज वापरा.

पायरी ७ : टायमिंग

सगळेच सिलिंडर सारखे अडखळत असतील, तर टायमिंग पाहा. पंपाच्या फ्लँजवर आणि इंजिनाच्या अंगावर खुणेच्या रेघा असतात. त्या जुळतात का? वेळ उशिरा असेल तर पांढरा धूर येतो, इंजिन सुरू व्हायला त्रास होतो आणि ताकद कमी पडते. वेळ लवकर असेल तर ठोका कडक आणि कर्कश पडतो. रेघा जुळूनही हीच लक्षणं राहिली, तर आतल्या गिअरचा एक दात चुकल्याचा संशय घ्यावा. तेव्हा पुढचं झाकण उघडावं लागेल.

पायरी ८ : दाब मोजणं, सर्वांत शेवटी

एवढं होऊनही एकच सिलिंडर मुका राहिला, तर गेज लावून सर्व सिलिंडरांचा दाब मोजून घ्या. नव्या रिंगा बसेपर्यंत दाब थोडा कमी दिसतो, पण सगळ्यांत जवळपास सारखा हवा. एकाचाच फार कमी असेल, तर वॉल्व्ह, हेड गॅस्केट किंवा रिंगांचा दोष. रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येत असतील, तर गॅस्केटवर संशय घ्या. मात्र गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. आता, आणि आताच, इंजिन खोलायला हरकत नाही.

दोन नियम

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि इंजिन चालवून पाहा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. आणि जे केलं ते वहीत लिहा : तारीख, मीटरचे तास, काय बदललं, काय फरक पडला. पुढच्या मिस्त्रीला ही वही दाखवा, त्याचा वेळ आणि आपला पैसा वाचेल. स्लोचा स्क्रू मात्र सर्वांत शेवटी, सगळे दोष निघाल्यावर, पुस्तकातल्या फेऱ्यांवर लावा.

गॅरेजमधून ट्रॅक्टर घेताना

थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगा. ते गरम होऊ द्या. मग काही मिनिटं स्लोला ठेवा, बंद करा, पुन्हा सुरू करा. ऑईलचा दाब पाहा. काढलेले जुने भाग मागून घ्या, वॉशरसुद्धा मोजून घ्या. हेड आणि टॅपेट पुन्हा कधी करायचं, ते चिठ्ठीवर लिहून घ्या. पहिले ५० तास बेताचंच काम द्या, खोल नांगरट किंवा भरलेली ट्रॉली नको. तासन् तास स्लोलाही ठेवू नका, त्यानं रिंगा नीट बसत नाहीत. पहिलं ऑईल पुस्तकात दिलेल्या तासांना बदला.

आणि हे सगळं पेरणीच्या तोंडावर करू नका. इंजिन बांधायचंच असेल, तर ते हंगामाच्या निदान महिनाभर आधी बांधा. दोष निघालाच, तर तो काढायला सवड राहील. वाफसा कोणासाठी थांबत नाही.